कॅसेट टॉयलेटची गळती

मोटारीमागे जोडून न्यायच्या कॅरव्हानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, बसवलेल्या ज्या शौचपात्राची मैलाटाकी बाहेरून, भिंतीतल्या छोट्या दारातून ओढून काढता येते, त्याला कॅसेट टॉयलेट म्हणतात. ही सुटी टाकी म्हणजेच कॅसेट. तिच्यात साधारण १७ ते २० लिटर मावते. भरलेली टाकी वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून अलीकडच्या टाक्यांना चाके आणि ओढायची मूठ असते. या व्यवस्थेत कुठूनही ओल दिसली की ‘टॉयलेट गळतंय’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात ही चार-पाच निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांतली बहुतेक कुठल्या ना कुठल्या रबरी सीलपाशी जाऊन थांबतात. टाकीच फुटली, असे क्वचित घडते. तरी घाबरलेला मालक आधी नवी टाकी शोधायला लागतो.

नळ आणि गटार यांच्याशिवाय शौचाची सोय करण्याचे प्रयत्न जुने आहेत. हेन्री मोल या इंग्लिश पाद्र्याने १८६० मध्ये कोरडी माती टाकण्याच्या शौचकूपाचे पेटंट घेतले होते. विसाव्या शतकात बादलीत रसायन घालण्याची पद्धत रुळली. ब्रिटनच्या एल्सन कंपनीची अशी शौचपात्रे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांतही होती आणि तिथल्या कॅरव्हान तळांवर मैला ओतायच्या जागेला अजूनही ‘एल्सन पॉइंट’ म्हणतात. नंतर वर पाण्याची व खाली मैल्याची अशा दोन टाक्यांचे, उचलून नेता येणारे शौचपात्र आले. कॅसेट टॉयलेट ही त्याची पुढची पायरी. थेटफर्ड आणि डोमेटिक या कंपन्यांची टॉयलेटे सर्वाधिक आढळतात. मॉडेलागणिक तपशील बदलतात, पण तत्त्व एकच आहे.

रचना : शौचपात्राच्या तळाशी भोक असते आणि त्याच्या बरोबर खाली टाकीचे तोंड येते. हे तोंड एक सपाट, सरकते प्लास्टिकचे पाते बंद करते. आतला दांडा किंवा मूठ फिरवली की पाते बाजूला होते. पाते बंद असताना त्याच्यावर गोल रबरी सील दाबून बसते. कारागीर याला लिप सील म्हणतात. टॉयलेटमधला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तो हाच. याशिवाय टाकीला ओतायची फिरती चोच असते, तिच्या टोकाला वॉशर असलेले आटेदार झाकण असते, आणि हवा खेळण्यासाठी झडप असते. टाकी जागेवर बसली की ही झडप उघडते, बाहेर काढली की मिटते. ओतताना टाकीत हवा जावी म्हणून अंगठ्याने दाबायचे व्हेंटचे बटण वेगळे असते. ते दाबले नाही तर मैला गटगट उसळत येतो आणि शिंतोडे उडतात. आत एका दांडीवर चुंबक लावलेला तरंगता गोळा असतो. पातळी चढली की टॉयलेटच्या अंगातला चुंबकीय स्विच चालू होतो आणि टाकी भरल्याचा दिवा लागतो.

फ्लशचे पाणी दोन तऱ्हांनी येते. काही मॉडेलांना स्वतःची वेगळी पाणीटाकी असते, काही कॅरव्हानच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून पाणी घेतात. दोन्हींत १२ व्होल्टचा पंप आढळतो; जुन्या काही टॉयलेटांत हातपंप होता. गळतीचे निदान करताना आपले टॉयलेट कुठल्या जातीचे हे आधी माहीत हवे. नाहीतर जी टाकी मुळात नाहीच तिचा तडा शोधण्यात दुपार जाते.

निदान : आधी रंग पाहावा. मैलाटाकीत टाकायचे रसायन बहुधा निळे असते, जैविक प्रकारचे हिरवे, तर फ्लशच्या वेगळ्या टाकीत घालायचे गुलाबी. ओल निळी किंवा हिरवी आणि वास येणारी असेल तर दोष कॅसेटचा. गुलाबी असेल तर फ्लशच्या टाकीचा, तिच्या पंपाचा किंवा नळीचा. रंगहीन असेल तर ताज्या पाण्याच्या जोडणीचा. रंगहीन ओलीबाबत थोडी सावधगिरी हवी. न्हाणीचा ट्रे, हातधुणीचा पाइप आणि खिडकीतून झिरपणारा पाऊस यांचे पाणीही वाट काढत त्याच कोपऱ्यात येऊन थांबते आणि आळ टॉयलेटवर जातो.

मग जागा शोधायची. टाकी बाहेर काढून रिकामी करावी, खळखळून धुवावी, बाहेरून पूर्ण कोरडी पुसावी आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत स्वच्छ पाणी भरावे. पाते आणि झाकण बंद करून ती कोरड्या वर्तमानपत्रावर एकेका कुशीवर टेकवावी. पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते कागद लगेच दाखवतो : तोंडाच्या कडेने आला तर लिप सील, पाते फिरवणाऱ्या दांड्यापाशी आला तर तिथली ओ-रिंग (बारीक रबरी कडे), छोट्या झडपेतून आला तर तिचे सील, चोचीपाशी आला तर झाकणाचा वॉशर किंवा चोच जिथे फिरते तिथला सांधा. कुठेच ठिपका नाही आणि तरी कॅसेटच्या कप्प्यात ओल होती, तर बहुतेकदा टाकी गळकी नसून ती गरजेपेक्षा जास्त भरलेली होती. दिवा लागल्यावरही ‘अजून एकदा चालेल’ म्हणत वापरले की पातळी तोंडापर्यंत येते. त्यात कॅरव्हान रस्त्याला लागली की आतला द्रव हिंदकळतो आणि हवेच्या झडपेतून बाहेर पडतो. याला दुरुस्ती नाही, निघण्यापूर्वी टाकी रिकामी करणे एवढेच.

लिप सील : शौचपात्रात थोडे पाणी ठेवून पाते बंद करावे. ते पाणी सकाळी गायब झालेले असेल तर लिप सील पाणी धरत नाही. मात्र सील बदलण्यापूर्वी पाते खरोखर पूर्ण मिटते का ते पाहावे. पात्याच्या कडेला अडकलेला कागदाचा बोळा किंवा मूत्रातल्या क्षारांचा खरखरीत थर असला तर पाते केसभर उघडे राहते, आणि नवे सीलही तितकेच गळते. हा थर सुरीने खरवडू नये. पात्यावर ओरखडा पडला की पाणी त्याच रेषेने वाट काढते. मऊ फडके, नख आणि यासाठी मिळणारे क्षारनाशक पुरेसे होतात, वेळ मात्र द्यावा लागतो.

जुने सील हातात घेतले की ओळखू येते. चांगल्या सीलची आतली पातळ ओठासारखी कड बोटाने दुमडून सोडली की लगेच मूळ जागी येते. वाळलेल्या सीलवर दुमडल्या जागी बारीक भेगांची जाळी दिसते. फुगलेले सील उलट चिकट आणि लांबलेले असते, आणि पाते सरकताना त्याच्याबरोबर ओढले जाऊन एका बाजूला सुरकुतते. वाळण्याचे कारण वंगणाचा अभाव, फुगण्याचे कारण चुकीचे वंगण. पेट्रोलियम जेली हा इथला ठरलेला गुन्हेगार. घरात असते, हाताला मऊ लागते, आणि रबर नासवते. सिलिकॉनचे वंगण योग्य. ऑलिव्ह तेल चालेल, इतर वनस्पती तेले आणि व्हॅसलिन नको, अशीही सूचना निर्मात्यांच्या पुस्तिकेत आढळते. ब्लीच, क्लोरीनचे क्लीनर, व्हिनेगर आणि घरातल्या संडासाची तीव्र द्रवे सीलांना अपायकारक असतात. अंगावरून फार चकचकीत दिसणाऱ्या टॉयलेटचे सील आधी गेलेले असते, त्यामागे हेच असते.

बदलण्याचे काम अवघड नाही, किळसवाणे आहे. हातमोजे घालावेत, टाकी धुतलेली असावी, जागा मोकळ्या हवेतली असावी. वरचे सरकते आवरण काढले की पात्याची सगळी यंत्रणा दिसते. काही मॉडेलांत ती स्क्रूंनी बसवलेली असते, काहींत खटका सोडवून पूर्ण यंत्रणाच फिरवून उचलता येते. काढण्यापूर्वी फोनवर दोन फोटो घेऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण जोडताना दांड्याचा दात कुठल्या खाचेत होता हेच नेमके आठवत नाही. जुने सील खोबणीतून ओढून काढून खोबण आतपर्यंत पुसावी. तिथे वाळलेला थर राहिला तर नवे सील एका बाजूने उंच बसते. सीलची वरची आणि खालची बाजू वेगळी असते आणि उलटे बसवलेले सील पहिल्या दिवशी चांगले चालल्यासारखे वाटते. नवे सील बोटाने गोलभर दाबून बसवावे, सिलिकॉन वंगणाचा पातळ हात द्यावा, पाते दहा-बारा वेळा उघडमीट करावे आणि मग पुन्हा वर्तमानपत्राची परीक्षा घ्यावी. सीलमध्ये फटी बुजवायच्या सीलंटची ट्यूब पिळणे हा उपाय नाही. सील पात्याला घासून काम करते, चिकटून नव्हे. सीलंट सुकले की पात्याच्या पहिल्याच फेऱ्यात तुकडे सुटतात आणि टाकीत पडतात.

दोन-तीन वर्षांनी सील बदलत राहावे हा सर्वसाधारण हिशेब आहे, वापर कमी असला तरी. किंबहुना कमी वापराच्या कॅरव्हानमध्ये सील लवकर जाते, कारण पाते महिनोन्‌महिने एकाच जागी चिकटून राहते. मग हंगामाच्या सुरुवातीला कोणीतरी जोर लावून दांडा फिरवतो आणि सीलची कड फाटते किंवा दांड्याचा दात मोडतो. पाते अडल्यास वरून थोडे कोमट पाणी ओतून काही वेळ थांबावे. पाते उघडे असताना टाकी बाहेर निघत नाही, तशी अडसर ठेवलेलीच असते. तिला हिसका देणे म्हणजे तीच यंत्रणा हाताने मोडणे.

झाकणाचा वॉशर, झडपेचे सील आणि दांड्याची ओ-रिंग या किरकोळ वस्तू आहेत. सुट्या मिळतात आणि बोटाने बसतात. मॉडेलचा नेमका क्रमांक पाहून घ्याव्यात. तो बहुधा कॅसेटच्या दाराआड चिकटवलेल्या पट्टीवर असतो. वासासाठी ज्यांनी झडपेच्या जागी पंख्याची नळी बसवून घेतली आहे, त्यांनी त्या नळीचा सांधा आधी तपासावा.

टाकीला खरोखर तडा गेला असेल तर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. टाकीचे प्लास्टिक गोंदाला दाद देत नाही, आणि वीस किलो मैल्याचा भार रोज ओढून काढायचा असतो. जाणकाराकडून प्लास्टिक वेल्डिंग करून घेता येते, पण नवी टाकी घेणे बहुधा सरळ पडते.

फ्लशच्या बाजूची गळती : या कामाआधी पंपाचा स्विच बंद करावा आणि फ्यूज काढावा. फ्लश थांबल्यावरही पात्रात पाण्याची बारीक धार चालू राहत असेल आणि टॉयलेट कॅरव्हानच्या पाण्यावर असेल, तर फ्लशचे पाणी सोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या झडपेत बहुधा रेतीचा कण अडकलेला असतो. सगळे नळ बंद असताना रात्री पंप मधूनच गुरगुरून थांबतो, तेही या दोषाचे लक्षण असू शकते. वेगळी पाणीटाकी असेल तर तिची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी आणि तिचे बूच आधी पाहावे. ही नळी कॅसेटच्या दाराशी लोंबत असते, टाकी काढता-घालता तिला धक्का लागतो आणि बूच सैल होते.

पात्राच्या मागचे सांधे डोळ्याला दिसत नाहीत. तिथे टिश्यू कागदाची सुरळी करून एकेका सांध्याला टेकवावी. कागद काळसर ओला झाला की सांधा सापडला. सांध्यावर नळी धरणारा पट्टा आवळून भागत नसेल तर नळीचे टोक बोटभर कापून पुन्हा बसवावे, कारण गरम-थंड होऊन नळीचे टोकच आधी कडक होते. फिरत्या पात्राच्या मॉडेलांत पात्र आणि बैठक यांच्यामधल्या फटीतूनही पाणी उतरते. जोरात फ्लश केल्यावरच जमीन ओली होत असेल तर संशय या फटीवर घ्यावा.

जमिनीची ओल फक्त पुसून सोडणे महागात पडते. कॅरव्हानची जमीन बहुधा प्लायवूडच्या दोन थरांमध्ये फोम भरून केलेली असते. पाणी कडेने आत गेले की थर सुटतात, आणि पाय ठेवल्यावर टॉयलेटसमोरची जमीन किंचित दबते, कुरकुरते. तोवर दहा मिनिटांचे सीलचे काम सुतारकाम झालेले असते. त्यामुळे गळती थांबवल्यावर कॅसेटचा कप्पा उघडा ठेवून पूर्ण वाळू द्यावा आणि कोपऱ्यांत बोटाने दाबून पाहावे.

तपासणीचे आणि धुण्याचे मैलापाणी गवतावर किंवा पावसाच्या गटारात ओतू नये. ते मैला ओतण्याच्या नेमून दिलेल्या जागीच जायला हवे. फॉर्मल्डिहाइडयुक्त निळे रसायन सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना मारते, म्हणून सेप्टिक टँक असलेल्या तळांवर हिरवे रसायन वापरायला सांगतात. टाकी नव्याने वापरात घेताना रसायनासोबत साधारण दोन लिटर पाणी घालतात, म्हणजे तळ कोरडा राहत नाही आणि पात्याच्या खालच्या बाजूला थर धरत नाही.

थंडीत कॅरव्हान उभी करायची असेल तर दोन्ही टाक्या, नळ्या आणि पंप पूर्ण रिकामे करावेत. नळीत राहिलेले पाणी गोठून फुगते, सांधा उकलतो आणि ती गळती वसंतात पहिल्या फ्लशला दिसते. कॅसेट धुऊन, वाळवून, लिप सीलला वंगण लावून बाहेर काढून ठेवावी; झाकण सैल आणि पाते अर्धवट उघडे ठेवले की सील पात्याला चिकटत नाही.