संमतिवयाचा कायदा आणि सारडा कायदा: दोन कायदे, दोन वेगळे प्रश्न

१८९१ साली इंग्रजांनी बालविवाह बंद केले, असं पुष्कळदा वाचायला मिळतं. त्या वर्षी झाला तो संमतिवयाचा कायदा, आणि त्यात लग्नाच्या वयाबद्दल एक अक्षरही नाही. लग्नाला वयाची अट घालणारा सारडा कायदा आला १९२९ मध्ये. मधल्या ३८ वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात पाच वर्षांच्या मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा नव्हता.

संमतिवयाचा कायदा ही दंडविधानातली दुरुस्ती होती. १८६० च्या दंडविधानानुसार दहा वर्षांखालच्या मुलीशी, मग ती बायको का असेना, शरीरसंबंध हा बलात्कार ठरत होता. १८९१ मध्ये दहाचे बारा झाले. या दोन वर्षांसाठी फुलमणी दासीचा जीव गेला होता. दहा ओलांडलेली ही बंगाली मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीत रक्तस्राव होऊन मेली. १८९० मध्ये कलकत्त्यात तिच्या नवऱ्यावर, हरिमोहन मैतीवर, खटला चालला, तेव्हा तिच्या वयामुळे बलात्काराचं कलम लागूच होईना. त्याला झाली ती एक वर्षाची सक्तमजुरी.

आपल्याकडे हा वाद पेटला तो पुण्यात. परक्या सरकारने गर्भाधानासारख्या (नवराबायकोच्या पहिल्या समागमाच्या) धार्मिक संस्कारात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका, उलट संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच दाखले देऊन कायद्याची बाजू मांडली. टिळकांचा राजकीय मुद्दा मला समजतो. पण स्वराज्य येईपर्यंत थांबायचं, तर तोवरची वर्षं कोणाच्या अंगावर काढायची होती?

सारडा कायदा वेगळ्या टोकाला पकडतो. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मांडलेल्या या कायद्याने मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं, तेही सगळ्या धर्मांसाठी. गुन्हेगार ठरत होते ते लग्न करणारा प्रौढ नवरा, लग्न लावणारे आणि आईवडील. शिक्षा जास्तीत जास्त एक महिना साधी कैद आणि हजार रुपये दंड. पोलीस आपणहून काही करू शकत नव्हते. कोणीतरी मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार घेऊन जायला हवं होतं, आणि ते गावात राहून कोण करणार? शिवाय कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी मुलींची लग्नं घाईघाईने उरकली गेली.

एक फरक मात्र फार मोलाचा आहे. १८९१ चा वाद बहुतांशी पुरुषांनी पुरुषांशी घातला. १९२९ पर्यंत बायका संघटित झाल्या होत्या. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक १९२७ मध्ये पुण्यातच भरली, आणि सारडा विधेयकासाठी या परिषदेने जोर लावला.

दोन्ही कायदे जिथे कमी पडले ती जागा रखमाबाईंनी आधीच दाखवून दिली होती. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न त्यांनी मोठेपणी नाकारलं. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने दिला, तेव्हा त्या तुरुंगाला तयार झाल्या. (पुढे तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.) त्यांचा प्रश्न सरळ होता: मला न विचारता लहानपणी लावलेलं लग्न मी का मानावं? १८९१ च्या कायद्याने मुलीला संरक्षण दिलं ते बारा पूर्ण होईपर्यंतच. तिच्या मर्जीचा त्यात विचार नव्हता. सारडा कायद्याने लग्न लावणाऱ्यांना शिक्षा ठेवली, पण लागलेलं लग्न वैधच राहिलं. लहानपणी लग्न झालेल्या व्यक्तीला, धर्म कोणताही असो, ते कोर्टातून रद्द करून घेण्याचा हक्क मिळाला २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने, आणि तोही सज्ञान झाल्यावर दोन वर्षं पूर्ण होण्याआधी मागितला तरच.