सोडतीची चिठ्ठी आणि त्यानंतरची निवडणूक

११ नोव्हेंबर २०२५ रोजी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात मुंबई महापालिकेच्या २२७ प्रभागांची आरक्षण सोडत झाली. पारदर्शक ड्रम, त्यात प्रभाग क्रमांकांच्या चिठ्ठ्या आणि चिठ्ठी उचलायला पालिका शाळेतली मुलं. समोर बसलेल्या इच्छुकांना एकच घोर असतो, आपला वॉर्ड गेला की राहिला. पण स्त्रियांच्या नेतृत्वाने नेमका काय फरक पडतो हे ज्यांना मोजायचं आहे, त्यांच्यासाठी हा ड्रम एखाद्या प्रयोगशाळेइतका मोलाचा आहे.

आधी हिशेब पाहू. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. २२७ची निम्मी संख्या ११३.५ येते, म्हणून महिलांसाठी ११४ जागा. अनुसूचित जातींच्या १५ जागांपैकी ८ महिलांसाठी, अनुसूचित जमातींच्या २ पैकी १ आणि ओबीसींच्या ६१ पैकी ३१. या झाल्या ४०. सर्वसाधारण जागा १४९. त्यांची निम्मी संख्या वर ओढली तर ७५ येते, पण ११४मधून ४० गेल्यावर उरतात ७४च. म्हणून सर्वसाधारण महिलांच्या वाट्याला ७४ प्रभाग आले. सगळंच चिठ्ठीने ठरतं असंही नाही. अनुसूचित जातींचे प्रभाग लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात. त्यातले महिलांचे कोणते, हे मात्र चिठ्ठी ठरवते.

चिठ्ठीला एवढं महत्त्व का? समजा, महिला निवडून आलेल्या आणि पुरुष निवडून आलेल्या प्रभागांची आपण सरळ तुलना केली आणि महिलांच्या प्रभागांत नळाला पाणी जास्त वेळ येतं असं दिसलं. याचं श्रेय नगरसेविकेला देता येणार नाही. कदाचित जिथे वस्ती सुस्थितीत आहे, मतदार जास्त शिकलेले आहेत, तिथेच महिलेला तिकीट मिळालं असेल. शिवाजी पार्क आणि मानखुर्द यांत मुळातच इतके फरक आहेत की नेतृत्वाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. चिठ्ठीला मात्र वस्ती, उत्पन्न, पक्ष यांतलं काहीच कळत नाही. प्रभागांची संख्या पुरेशी असेल तर आरक्षित आणि अनारक्षित गट सरासरीने सारखे निघतात, आणि नंतर दिसलेला फरक आरक्षणाचा आहे असं म्हणता येतं. औषधांच्या चाचणीत रुग्णांची विभागणी याच तत्त्वावर होते.

अट एकच: चिठ्ठ्या खरोखर मिसळलेल्या हव्यात. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांच्या कुप्या काढल्या गेल्या. त्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट घोळल्या नव्हत्या. परिणाम असा की वर्षअखेरीला जन्मलेल्या तरुणांचे क्रमांक आधी लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. सारख्या मापाचा कागद, सारखी घडी आणि भरपूर फिरवलेला ड्रम या गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या.

आता मुंबईचंच उदाहरण. राजकीय शास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुका तपासल्या. तेव्हा महिला आरक्षण एक तृतीयांश होतं. १९९७मध्ये जे प्रभाग महिलांसाठी राखीव होते, त्यांपैकी काही २००२मध्ये खुले झाले. अशा प्रभागांची तुलना त्यांनी आधी आरक्षण नसलेल्या खुल्या प्रभागांशी केली. ज्या प्रभागांत एकदा आरक्षण येऊन गेलं होतं, तिथे पुढच्या खुल्या निवडणुकीत महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाच पट होती.

पाच पट हा आकडा वाचताना जपून. मूळ प्रमाण अगदी तुटपुंजं होतं, त्यामुळे पाच पट होऊनही बहुतेक खुल्या जागा पुरुषांकडेच राहिल्या. तरीही मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो कारणापर्यंत पोचतो. आरक्षणामुळे ज्या बायका राजकारणात आल्या, त्यांच्यातल्या काहींनी पुढे खुली जागाही जिंकून दाखवली. आणि पक्षांना कळलं की बाई उमेदवार दिली म्हणून जागा हातची जात नाही. आपल्याकडे 'खुला' म्हणजे 'पुरुषांचा' असं सर्रास धरलं जातं. कायद्यात तसं काहीही नाही. खुल्या प्रभागात कोणीही उभं राहू शकतं. अडतं ते तिकीटवाटपात.

मतदाराच्या मनात काय चालतं, याचा एक सुंदर प्रयोग पश्चिम बंगालमध्ये झाला. तिथे सरपंचाला प्रधान म्हणतात. गावकऱ्यांच्या तक्रारीला प्रधानाने दिलेलं उत्तर ध्वनिमुद्रित केलं गेलं. शब्द अगदी तेच, पण काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या. ज्या गावांत कधीच महिला प्रधान नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या प्रधानाला कमी कुवतीचं ठरवलं. ज्या गावांनी महिला प्रधान पाहिली होती, तिथे हा फरक उरला नाही. एक गोष्ट मात्र बदलली नाही: पुरुष नेताच बरा ही आवड तशीच राहिली. बाईला काम जमतं हे पटलं, पण ती आवडायला लागली असं नाही.

याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात ४९५ गावांतल्या ८,४५३ मुलामुलींची माहिती घेतली गेली. १९९८ आणि २००३ असं लागोपाठ दोनदा प्रधानपद महिलांसाठी राखीव राहिलेल्या गावांत मुलामुलींच्या स्वतःच्या आकांक्षांमधली तफावत ३२ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि शिक्षणातली तफावत पुसली गेली होती. मुलींचा घरकामातला वेळही घटला. सगळ्यात स्पष्ट फरक दिसला तो दोन फेऱ्या झालेल्या गावांत.

पैसा कुठे खर्च होतो, हेही बदलतं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ ग्रामपंचायती पाहिल्या. दोन्हीकडे बायकांची मोठी तक्रार पिण्याच्या पाण्याची होती, आणि महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पाण्यावर जास्त काम केलं. मुंबईकराला याचं नवल वाटू नये. मृणाल गोरे १९६१मध्ये गोरेगावातून महापालिकेत गेल्या, तेव्हा आरक्षण नव्हतं. पाण्यासाठी लढून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. १९७७ला त्या लोकसभेत गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हाची घोषणा जुन्या लोकांना आजही पाठ आहे: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' ज्याला हंडा भरायला उभं राहावं लागतं, त्याला पाण्याची वेळ कळते.

मग घोडं कुठे पेंड खातं? फेरपालटात, म्हणजे राखीव प्रभाग दर निवडणुकीला बदलण्यात. दर निवडणुकीला नुसतीच स्वतंत्र चिठ्ठी काढली आणि प्रत्येक प्रभागाची शक्यता निम्मी धरली, तर तीन निवडणुकांत एकदाही आरक्षण न आलेले प्रभाग एक अष्टमांश, म्हणजे २२७पैकी सुमारे २८ उरतील. ते टाळायला चक्रानुक्रम ठेवतात, म्हणजे आरक्षण पाळीपाळीने सगळ्या प्रभागांत फिरवतात. पण निम्म्या जागा राखीव असताना चक्रानुक्रम काटेकोर पाळला, तर प्रत्येक प्रभाग एकाआड एक निवडणुकीत राखीव होईल आणि लागोपाठ दोन फेऱ्या कुठेच मिळणार नाहीत. पाच वर्षं वॉर्ड बांधणाऱ्या नगरसेविकेला नेमकं तेव्हाच खुल्या जागेसाठी तिकीट मागायला जावं लागतं, आणि आधीचे 'साहेब' परत येतात. पुढच्या वेळी आपण इथे नसणार हे माहीत असलेल्या लोकप्रतिनिधीला, बाई असो वा पुरुष, लांबच्या कामात जीव ओतायचं कारण उरत नाही. लोकसभा आणि विधानसभांसाठीच्या २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीत फेरपालट दर निवडणुकीला न ठेवता दर मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ठेवला आहे. या एका बाबतीत ती रचना जास्त शहाणपणाची वाटते.

'महापालिकेत इतक्या टक्के महिला' ही बातमी म्हणूनच फारसं काही सांगत नाही, कारण ११४ जागा कायद्यानेच ठरलेल्या आहेत. मोजायचं असेल तर जानेवारी २०२६च्या निकालाची यादी घ्या. महिलांसाठी राखीव ११४ प्रभागांवर काट मारा. उरलेल्या ११३मध्ये महिला किती जिंकल्या ते मोजा, आणि मोठ्या पक्षांनी त्या ११३ ठिकाणी किती महिलांना तिकीट दिलं तेही. तिकिटं कमी आणि जिंकण्याचं प्रमाण पुरुषांइतकंच असेल, तर अडचण पक्षात आहे. तिकिटं भरपूर आणि विजय कमी असतील, तर मतदारात. मग भवनानींनी केली तशी तुलना करायला या ११३चे दोन गट करा: २०१७ला महिलांसाठी राखीव असलेले आणि नसलेले. इथे एक चूक हमखास होते. प्रभागाचा क्रमांक तोच दिसला म्हणून हद्दही तीच असेल असं नाही, तेव्हा दोन्ही वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून गल्लीगल्ली ताडून घ्या.