सक्युलंटची बीजरोपे आणि त्यांचे मॅक्रो छायाचित्रण (नागपूर)

पाने, खोड किंवा मुळे यांत पाणी साठवणाऱ्या वनस्पतींना मांसल वनस्पती किंवा सक्युलंट म्हणतात. त्या बियांपासून उगवून घेणे आणि उगवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्यांची रोपे कॅमेऱ्याने जवळून टिपणे, हा एक जोडछंद आहे. कॅक्टस, गारगोटीसारखे दिसणारे लिथॉप्स, हॉवर्थिया, ॲडेनियम व एकेव्हेरिया ही त्यातली नेहमीची नावे. यांपैकी बहुतेक वनस्पती पान, फांदी किंवा पिल्लू लावूनही वाढतात. मग बियांचा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडतो. लिथॉप्ससारख्या वनस्पतींना बियांवाचून फारसा पर्याय नसतो. शिवाय बियांतून आलेले प्रत्येक रोप वेगळे असते. पानातून आलेले रोप म्हणजे मूळ झाडाचीच नक्कल.

नागपुरात या कामाचा खरा मालक हवामान आहे. मे २०१३ मध्ये शहरात ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, तर डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. जून ते सप्टेंबरमध्ये वर्षाचा बहुतेक पाऊस पडतो आणि हवा दमट राहते. उन्हाळ्यात उलट हवा इतकी कोरडी असते की, उघडी कुंडी दुपारपर्यंत खडखडीत होते. पेरणीला उरतात त्या मधल्या दोन फटी. कॅक्टसच्या बहुतेक बियांना २० ते ३० अंश तापमान मानवते, म्हणून दसऱ्याच्या सुमारास किंवा फेब्रुवारीत पेरणी करावी. लिथॉप्स व त्याच्या कुळातील इतर दक्षिण आफ्रिकी वनस्पतींना १५ ते २५ अंश हवेत. त्या दिवाळीनंतर पेरल्या तर पुढच्या मेपर्यंत अंगात थोडे पाणी धरतात. ॲडेनियम मात्र उष्णतेचे पोर आहे. मार्च-एप्रिलमध्ये इतर रोपे मान टाकत असताना त्याचे ताजे बी आठवड्याच्या आत फुटते.

माध्यम साधेच असते. विदर्भातली काळी माती येथे कामाची नाही. ती ओली असताना चिकट राहते, सुकली की भेगाळते आणि त्यात केसाएवढे मूळ तुटते. कन्हान नदीची जाड रेती धुऊन, चाळून, बारीक धूळ काढून घ्यावी. तिच्यात वीटचुरा किंवा परलाइट (हलके, फुलवलेले पांढरे खडे) आणि थोडे कोकोपीट मिसळावे. हे मिश्रण कुकरमध्ये वाफवून घेतले की बुरशीचे व शेवाळाचे बीज बरेच मरते. बारीक बी मातीत पुरत नाहीत, नुसते वर भुरभुरवतात, कारण त्याला उजेड लागतो आणि खोलातून वर येण्याइतकी शिदोरी त्याच्याजवळ नसते. पाणी वरून घालत नाहीत. कुंडी पाण्याच्या ताटात ठेवून ते खालून शोषू देतात आणि मग पारदर्शक डब्यात किंवा पिशवीत बंद करतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने वर पांढरा थर धरतो. पावसाचे साठवलेले पाणी त्यापेक्षा केव्हाही बरे.

बंद डबा उन्हात ठेवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा झपाट्याने वर जाते आणि रोपे अक्षरशः शिजतात. स्लॅबवर ठेवायचेच असेल तर दाट हिरव्या जाळीखाली, आणि मेअखेरच्या नवतपात तेही नको. कूलरच्या खोलीत तापमान उतरते, पण ओलावा वाढतो, त्यामुळे झाकण काढलेली रोपे तेथे कोलमडण्याचा धोका राहतो. पिथियम व रायझोक्टोनिया या बुरशीसदृश व बुरशी वर्गातल्या जीवांमुळे रोप बुडाशी काचेसारखे पारदर्शक होते आणि आडवे पडते. एका डब्यात ते सुरू झाले की शेजारच्यांना वाचवणे कठीण जाते.

येथे कॅमेरा कामी येतो. शोभेची चित्रे काढण्याचे साधन म्हणूनच बहुतेक लोक त्याकडे पाहतात, पण रोपवाटिकेत तो आधी निदानाचे साधन आहे. उगवणीनंतर काही दिवसांतच खोड व मूळ यांच्या सांध्यावर पांढऱ्या लवेचे कडे दिसते. ती बुरशी समजून नवखे लोक घाईने औषध मारतात. प्रत्यक्षात ते मूलरोम असतात, पाणी शोषणारे. चित्र मोठे करून पाहिले तर फरक स्पष्ट होतो. मूलरोम सरळ, सारख्या लांबीचे आणि एकाच कड्यात असतात. बुरशीचे धागे एकमेकांत गुंतून मातीच्या कणांवरून पलीकडे पसरलेले असतात. लाल कोळीही असाच सापडतो. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे नजरेला फक्त तांबूस खरवड दिसते आणि ती उन्हाचा डाग वाटते. एप्रिलच्या कोरड्या हवेत हा जीव फोफावतो.

रंगाचे वाचनही तसेच. कॅक्टस व लिथॉप्सच्या रोपांचा लाल-जांभळा रंग बीटालेन रंगद्रव्यांचा, तर एकेव्हेरिया, हॉवर्थिया व ॲडेनियमचा ॲन्थोसायनिनचा. दोन्ही गट एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत. रोप लाल झाले तर बहुधा उजेड जास्त आहे. फिकट व लांबुडके झाले तर कमी. मात्र जांभळ्या वाढदिव्याखाली काढलेल्या चित्रावरून यातले काहीही ठरवू नये. चित्रासाठी पांढरा प्रकाशच हवा.

रोपाच्या रूपातही प्रौढ झाडापेक्षा बरेच काही वेगळे असते. कॅक्टस द्विदल असल्याने त्याला दोन बीजपत्रे असतात, पण ती इतकी फुगीर असतात की हिरव्या मण्याच्या टोकाला दोन उंचवटे एवढेच दिसते. मग त्यांच्या मधून पहिले काटे येतात. प्रौढ ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियासला काटे नसतात, त्याच्या रोपाला मात्र इवलेसे असतात. लिथॉप्सचे रोप सुरुवातीला दोन बीजपत्रांचा जुळलेला गोळा असते. पुढे त्याच्या चिरेतून पहिली खरी पानांची जोडी येते आणि जुना गोळा पाणी देऊन सुकतो. हा बदल नेमक्या एका कोनातून, ठरावीक अंतराने टिपला तर चित्रमालिका फार सुंदर होते.

लिथॉप्सचे बोंड हा तर स्वतंत्र विषय आहे. सुकलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकला की त्याच्या कप्प्यांची झाकणे काही मिनिटांत उघडतात, आणि सुकल्यावर पुन्हा मिटतात. दक्षिण आफ्रिका व नामिबियाच्या रखरखीत प्रदेशात पाऊस पडेल तेव्हाच बी बाहेर पडावे, अशी ही सोय. थेंबांच्या माऱ्याने बी शिंपडले जाते. टेबलावर हे दृश्य केव्हाही घडवता येते. नवख्या छायाचित्रकाराला याहून आज्ञाधारक विषय मिळणे कठीण.

तंत्राकडे पाहता अडचण एकच आहे, फोकसची जाडी. एकास एक वर्धनात, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, दोन मिलिमीटरचे रोप फुलफ्रेम सेन्सरच्या ३६ मिलिमीटर रुंदीचा अठरावा भाग व्यापते, म्हणजे चित्र बरेच मोकळे राहते. तेथे लेन्सचे छिद्र एफ/८ ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. चौपट वर्धनावर ती मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी होते. छिद्र आणखी बारीक केले तर विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्याने, सगळेच मऊ पडते. म्हणून फोकस थोडाथोडा सरकवत अनेक चित्रे घेतात आणि हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरने ती जोडतात. यासाठी महागडी लेन्स हवीच असे नाही. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिला कॅमेऱ्यापासून दूर धरणारी २५ मिलिमीटरची पोकळ एक्स्टेन्शन ट्यूब मिळून निम्मे वर्धन देतात. लेन्स उलटी बसवण्याचीही सोय आहे. मोबाइलवरची क्लिप लेन्स सुरुवातीला पुरते.

चित्र काढताना पंखा आणि कूलर दोन्ही बंद हवेत. या शहरात मे महिन्यात हे सांगणे सोपे आहे, पाळणे नाही. त्यामुळे पहाटेची वेळ सोयीची. फ्लॅशला बटर पेपरची आड दिली की ओल्या त्वचेवरची चमक कमी होते. डब्यातून काढलेल्या रोपावर बाष्पाचे थेंब असतात, ते उडेपर्यंत थांबावे. आकार कळावा म्हणून चौकटीत खसखस, मोहरी किंवा आलेख कागदाची एक रेघ ठेवतात. नुसते 'इवले' म्हणून चालत नाही.

हात बसवायला परदेशी बी मागवण्याची गरज नाही. उन्हाळ्यात भाजीला येणारी घोळ हीसुद्धा मांसल वनस्पती आहे. तिच्या बोंडाचे झाकण टोपीसारखे सुटते आणि आत काळे, मिलिमीटरहून लहान बी असते. पाण्याचा ताण पडला की ती प्रकाशसंश्लेषणाच्या आपल्या नेहमीच्या सी-४ पद्धतीला रात्री कार्बन डायऑक्साइड घेणाऱ्या कॅम पद्धतीची जोड देते. गच्चीवर ती फुकट उगवते, आणि तिच्यावर प्रयोग फसला तर वाईट वाटत नाही.

बियांची खरेदी जपून करावी. कॅक्टसचे बहुतेक सगळे कूळ, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. बाहेरून बी आणायचे तर वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे कागदपत्रेही लागतात. रानातून उपटलेल्या, लिथॉप्सच्याच कुळातील कोनोफायटमची दक्षिण आफ्रिकेतून होणारी तस्करी पाहता, बियांतून वाढवलेले रोप घेणेच योग्य. ऑनलाइन मात्र निळ्या व इंद्रधनुषी 'लिथॉप्स'ची रंगवलेली चित्रे दाखवून भलतेच बी विकले जाते. ते तपासायला पुन्हा कॅमेराच उपयोगी पडतो, कारण लिथॉप्सच्या पाकिटातून एकच लांबट, गवतासारखे बीजपत्र वर आले तर बी लिथॉप्सचे नाही, हे उगवणीच्या पहिल्या आठवड्यातच कळते.