काउबॉय आणि पायोनियर: लहान मुलांना फरक कसा सांगावा

अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास घरी शिकवताना काउबॉय (गुरे हाकणारे) आणि पायोनियर (नव्या मुलखात वस्ती करायला निघालेले) यांची हमखास सरमिसळ होते. रुंद काठाची टोपी, घोडा आणि कापडी छताची गाडी यांचे एकच चित्र मुलांच्या मनात बसते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा फरक व्याख्येपेक्षा नकाशावरून लवकर कळतो. मिसूरीतील इंडिपेन्डन्सपासून ओरेगॉनपर्यंत पश्चिमेकडे जाणारी रेघ पायोनियरांची, आणि टेक्सासपासून कॅन्ससमधील ॲबिलीनपर्यंत उत्तरेकडे जाणारी रेघ काउबॉयांची.

पहिल्या वाटेने कुटुंबे जात, आणि ती कायमची वस्ती करायला निघालेली असत. १८४३ मध्ये सुमारे हजार माणसांचा मोठा तांडा या वाटेने गेला. सुमारे ३,२०० किलोमीटरच्या या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. गाड्यांना घोड्यांपेक्षा बैलच अधिक जुंपलेले असत, आणि गाडी सामानाने भरलेली असल्यामुळे बहुतेक माणसे, मुलेसुद्धा, बरेचसे अंतर पायीच कापत. घरातील फरशीवर खडूने दहा फूट लांब आणि चार फूट रुंद आयत आखावा, त्यात पीठ, भांडी, अवजारे आणि पांघरुणे मुलांनाच रचायला सांगावीत, आणि खेळणी बाहेर राहू लागली की होणारी वादावादी खुशाल होऊ द्यावी.

काउबॉय मात्र पगारी नोकर होता. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासमध्ये गुरे उदंड आणि भाव मातीमोल होता, तर उत्तरेकडे त्याच जनावराला कितीतरी पट किंमत येई. म्हणून दोन-तीन हजार गुरांचा कळप दहा-बारा जणांच्या हवाली करून रेल्वेपर्यंत हाकत नेला जाई. ॲबिलीनला अशी गुरे १८६७ पासून येऊ लागली. गावच्या गुराख्याप्रमाणे काउबॉयच्या ताब्यातील जनावरेही दुसऱ्याची असत. दोर फेकून जनावर पकडण्याची कला मेक्सिकन गुराख्यांकडून आलेली होती, आणि काउबॉयांत मेक्सिकन व कृष्णवर्णीय तरुण पुष्कळ होते, हे मुलांच्या चित्रपुस्तकांत क्वचितच दिसते.

दोघांची गाठ पडली ती कुंपणापाशी. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागली. जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या काटेरी तारेने शेतकरी ती बंदिस्त करू लागले, आणि गुरांच्या मोकळ्या वाटा अडल्या.

‘काउबॉय विरुद्ध इंडियन’ (इंडियन म्हणजे येथे अमेरिकेचे मूळ रहिवासी) हा खेळ मी तरी शिकवणार नाही. आजच्या ओक्लाहोमातून कळप नेताना तेथील मूळ रहिवाशांची राष्ट्रे दर जनावरामागे कर मागत, म्हणजे तेथे लढाईपेक्षा व्यवहाराचाच प्रश्न अधिक वेळा येई. वस्तीसाठी वाटलेली जमीनही रिकामी नव्हती. करारांनी आणि बळजबरीने ती त्यांच्याकडून घेतलेली होती. म्हणून नकाशावर दोन्ही रेघा ओढण्यापूर्वी पॉनी, शायेन, लाकोटा आणि शोशोनी ही मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांची नावे मुलांकडून लिहून घ्यावीत.