पोटॅशच्या गोणीपासून काळ्या मातीपर्यंत

उसाला टाकायला आणलेल्या पोटॅशच्या 50 किलोच्या गोणीत दर सेकंदाला साडेसात लाखांच्या वर अणू विघटित होत असतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. पोटॅशियम म्हटलं की त्यात थोडं पोटॅशियम-40, म्हणजे त्याचं किरणोत्सारी रूप, आलंच, आपल्या अंगातसुद्धा. त्याच्या 100 विघटनांपैकी सुमारे 11 मधून 1461 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो, आणि ही ऊर्जा म्हणजे त्याचा अंगठ्याचा ठसा.

हा ठसा ओळखतो गॅमा वर्णपटमापी. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात किरण शिरला की प्रकाश चमकतो. जितकी ऊर्जा जास्त, तितकी चमक मोठी. चमका ऊर्जेनुसार मोजत गेलं की आलेखावर शिखरं उभी राहतात. मात्र थोरियम साखळीतलं (साखळी म्हणजे विघटनातून एकामागून एक तयार होणाऱ्या अणूंची रांग) 583 चं आणि युरेनियम साखळीतलं 609 चं शिखर या स्फटिकात एकमेकांत मिसळतं. ती वेगळी पाहायची तर जर्मेनियमचा शोधक, म्हणजे किरण टिपणारं उपकरण, लागतो, तोही द्रवरूप नायट्रोजनने उणे 196 अंशांच्या आसपास थंड केलेला.

मातीतली किरणोत्सारिता अशी मोजायची, तर खरी कसोटी नमुन्याची. परभणीकडची काळी माती वाळवायची, कुटायची, चाळायची, तोलायची आणि डबा हवाबंद करून तीन-चार आठवडे मुरू द्यायची. युरेनियमचं मोजमाप बहुधा त्याच्या वंशातल्या बिस्मथ-214 वरून होतं. या दोघांच्या मध्ये रेडॉन वायू आहे, अर्धायू, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, 3.8 दिवस. तो निसटला तर नातवावरून आजोबांचा पत्ता लागणार कसा?

काळी माती बेसाल्टची. देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटपेक्षा अशा खडकात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम सहसा कमी. म्हणून आजूबाजूचे किरण अडवायला शोधकाभोवती शिशाची जाड भिंत लागते, रिकाम्या डब्याची मोजणी वजा करावी लागते आणि वेळ द्यावा लागतो. शिखरात 100 नोंदी असतील तर अनिश्चितता 10 टक्के. 10,000 असतील तर 1 टक्का. रात्रभर यंत्र चालू ठेवतात ते यासाठी.

आता नोंदींवरून बेक्वेरेल, म्हणजे सेकंदाला होणारी विघटनं, काढायचे, तर शोधक शंभरातले किती किरण पकडतो ते माहीत हवं. इथे शुद्ध पोटॅशियम क्लोराइड कामी येतं: 1 ग्रॅम पोटॅशियम म्हणजे सेकंदाला सुमारे 31 विघटनं, हे पक्कं. पण हे फक्त 1461 च्या शिखरापुरतं. बाकीच्यांसाठी प्रमाणित युरेनियम-थोरियमचे नमुने लागतात. आणि डबा मातीसाठी वापरला तसाच, मातीइतक्याच उंचीपर्यंत भरलेला हवा. दोन बोटं कमी भरला तरी आकडा सरकतो.