जुन्या शिडाच्या होडीत मुक्कामाची सोय: पार्श्वभूमी

मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचा नाद जुना; रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ची. पण इथली परंपरा मुख्यतः शर्यतींची. खारे वारे धरून निघायचं, अंधाराआधी परतायचं. अशा होडीवर ना झोपायची जागा, ना दिवे, ना जड नांगर. १९६०च्या दशकात जगभर फायबरग्लासच्या होड्या साच्यातून निघू लागल्या. लाकडासारखे सांधे भरत बसावं लागत नसल्याने त्या टिकल्या. आज वीस-पंचवीस फुटांची जुनी होडी हाती येते ती बहुधा याच जातीची: सांगाडा धड, आतलं सगळं थकलेलं. लष्कराची ३७ फुटी 'तृष्णा' १९८७ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत पोचली, तीही इंग्लंडमध्ये घेतलेली जुनीच नौका होती.

मुक्काम करायचा तर आधी नांगर बघावा. शर्यतीत वजन नको म्हणून हलका नांगर आणि नुसती दोरी ठेवत. मुंबईत उधाणाला पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं. ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला, तर भरतीला तिथे आठ मीटर. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर धरून नऊ. त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर दोरी सोडावी लागते. ओहोटीच्या हिशोबाने वीसच सोडली की दोरी उभी ताणली जाते आणि मध्यरात्री नांगर उखडतो. त्यात रात्री मतलई वारे सुटले की होडी उलटी फिरते, चिखलात रुतलेला नांगर दुसऱ्या बाजूने ओढला जातो. म्हणून नांगराकडची दहा मीटर तरी साखळीच हवी.

विजेचं गणित मात्र एलईडीने पार बदललं. नांगरावर रात्रभर लावायचा दिवा आधी रॉकेलचा होता, मग दहा वॉटच्या बल्बचा. १२ व्होल्टवर तो बारा तासांत १० अँपिअर-तास खायचा. दोन वॉटचा एलईडी दोनच घेतो. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, त्यामुळे १०० अँपिअर-तासांपैकी ५०च आपले. दिवे, छोटा पंखा आणि व्हीएचएफ रेडिओला १०० वॉटचं सोलर पॅनेल पुरतं. फ्रिज त्यात बसत नाही, बर्फाची पेटीच बरी. घरगुती वायर मुळीच वापरू नये: खाऱ्या हवेत आवरणाच्या आतलं तांबं काळं पडतं आणि दिवे मंदावतात. कथील चढवलेल्या तारेचीच वायर घ्यावी.

सावलीला शिडाच्या आडव्या काठीवरून ताडपत्री, हवेला छतावरची पुढची झडप.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असतानाच तळाचे कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोट्या, तपासावेत. पितळी कॉक चाकूने खरवडल्यावर गुलाबी दिसला, तर त्यातलं जस्त गेलेलं असतं आणि तो हाताच्या झटक्याने तुटू शकतो. तिथे ब्राँझचाच बसवावा.