वाल्दिव्हिया: दोन मीटर खचलेलं शहर

दक्षिण चिलीतलं वाल्दिव्हिया हे दीड-पावणेदोन लाख वस्तीचं शहर. काये-काये, काऊ-काऊ आणि क्रूसेस या नद्या इथे भेटतात आणि वाल्दिव्हिया नदी होऊन कोर्रालच्या उपसागरात समुद्राला मिळतात. भरतीचं पाणी शहरापर्यंत चढतं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा मे ते ऑगस्टच्या हिवाळ्यात. धक्क्यावरच्या मासळीबाजारात समुद्रसिंह ठिय्या देऊन असतात आणि पर्यटकांचे कॅमेरे त्यांच्यावरच खिळतात. पण खरं पाहण्याजोगं आहे ते शहराबाहेरचं पाणथळ. त्यातला मोठा भाग 1960 पर्यंत कोरडी कुरणं होती.

22 मे 1960 रोजी दुपारी झालेला 9.5 तीव्रतेचा भूकंप हा यंत्रांनी नोंदलेला आजवरचा सर्वांत मोठा. पॅसिफिकच्या तळाचा नास्का भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) दक्षिण अमेरिकेखाली सरकतो, पण दोघांमधली सांधपट्टी अडकून बसलेली असते. त्यामुळे वरच्या भूपट्टाची समुद्राकडची कडा खाली ओढली जाते आणि तिच्यामागची जमीन हळूहळू फुगते. अडकण सुटली की कडा उसळून वर येते आणि मागची ताणली गेलेली जमीन खचते. दक्षिणेकडची काही किनाऱ्यालगतची बेटं तेव्हा कित्येक मीटर वर आली. वाल्दिव्हिया मात्र खचणाऱ्या पट्ट्यात असल्यामुळे सुमारे दोन मीटर खाली गेलं. नदीकाठची शेतं भरतीच्या पातळीखाली गेली ती कायमची.

या भागात 1837 मध्येही मोठा भूकंप झाला होता. भूपट्ट वर्षाला सात-आठ सेंटीमीटर सरकतात, म्हणजे 123 वर्षांत साठणारा ताण नऊ-दहा मीटरांचा. 1960 मध्ये मात्र काही ठिकाणी भूपट्ट 20 मीटरहून जास्त घसरले. हा हिशेब जुळायला 1575 च्या भूकंपापर्यंत मागे जावं लागतं. मधल्या भूकंपांनी सगळा ताण मोकळा केलाच नव्हता.

1575 ची आठवण दुसऱ्या कारणानेही महत्त्वाची. शहराच्या वरच्या अंगाला सरोवरांची साखळी आहे. त्यातल्या शेवटच्या रिन्यिवे सरोवरातून सान पेद्रो नदी निघते आणि तीच पुढे काये-काये होते. डिसेंबर 1575 च्या भूकंपात दरड कोसळून हे तोंड बुजलं. काही महिन्यांनी तो बांध फुटला आणि खालच्या खोऱ्यात हजारावर माणसं बुडाली. 1960 मध्ये दरडींनी तीच वाट पुन्हा अडवली.

दरडीचा बांध फार फसवा. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की मोकळी माती कापली जाते, चर खोल होतो, प्रवाह वाढतो आणि माती आणखी वेगाने कापली जाते. काही तासांत सरोवर रिकामं होऊ शकतं. 1960 मधला मुख्य बांध सुमारे 24 मीटर उंच होता. तेवढं भरून फुटला असता, तर 4.8 अब्ज घनमीटर पाणी खालच्या गावांवर आलं असतं. त्यात पावसाळा तोंडावर.

अभियंता राऊल साएस यांच्या नेतृत्वाखाली ठरलेला उपाय ऐकायला सोपा होता: पाणी अडवायचं नाही, उलट ते लवकर आणि कमी उंचीवरून वाहू द्यायचं. त्यासाठी बांधाच्या माथ्यात चर खणून तो खाली आणायचा आणि वरच्या सरोवरांची तोंडं तात्पुरती बंद करून येणारं पाणी थोपवायचं. बुलडोझर आणले, पण दरडीच्या चिखलात ते रुतू लागले. मग बरंच खोदकाम मजुरांनी फावड्यांनी केलं. दोन महिन्यांत माथा 24 वरून 15 मीटरवर आला आणि सुटणारं पाणी 3 अब्ज घनमीटरवर. जुलैच्या अखेरीस प्रवाह सुरू झाला. वाल्दिव्हियाचा सखल भाग बुडाला, पण तिथली माणसं आधीच हलवलेली होती. मला तर भूकंपापेक्षा हे काम जास्त थक्क करतं.

खचलेल्या कुरणांत पुढे लुचेसियो ही पाणवनस्पती पसरली आणि ती खायला काळ्या मानेचे हंस हजारोंनी आले. 1981 मध्ये क्रूसेसच्या पाणथळाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा रामसर दर्जा मिळाला, चिलीतला पहिला. 2004 मध्ये वरच्या बाजूला कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला, त्यानंतर लुचेसियो जवळपास नाहीशी झाली. काही हंस उपासमारीने मेले, बाकीचे दुसरीकडे गेले. 2013 मध्ये न्यायालयाने कारखान्याला जबाबदार ठरवलं. हंस नंतर परतले.

सान पेद्रोवर जलविद्युत धरण बांधण्याचं काम 2009 च्या सुमारास सुरू झालं होतं. काठची जमीन अपेक्षेपेक्षा कमकुवत निघाल्याने ते थांबवून आराखडा बदलावा लागला. खोऱ्यातले विरोधक 1575 आणि 1960 चे दाखले देतात, आणि या नदीच्या बाबतीत ते दाखले अगदी योग्य आहेत.